जखमी हॅमर कोरल: कापू, औषध घालू की थांबू?

प्रश्न : माझ्या दोनशे लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे समुद्री पाण्याच्या कोरल-टाकीत, पाच डोक्यांचं, फांद्याफांद्यांचं हॅमर कोरल आहे. सहा दिवसांपूर्वी माझा मुलगा काच पुसत असताना पुसणीच्या मॅग्नेटचा आतला तुकडा सुटला आणि थेट त्यावर पडला. एक डोकं फांदीसकट तुटून वाळूत गेलं. दुसऱ्याचं मांस एका बाजूने फाटलं आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला. बाकीची तीन डोकी दिसायला धड आहेत, पण निम्मीच उघडतात. आतापर्यंत मी त्याची जागा तीनदा बदलली, रोज आयोडीनचा डिप देते आहे. सांगाडा लवकर भरून यावा म्हणून आल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं मोजमाप, डीकेएच अंशांत) एका दिवसात ७.५ वरून ९.५ केली. दिवसातून दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भरवते, पण ते तोंडातून परत बाहेर येतं. तापमान २६, सॅलिनिटी ३५, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. आज उघड्या सांगाड्यावर हिरवट थर दिसला आणि माझा धीरच सुटला. फाटलेलं डोकं कापून टाकू का? अँटिबायोटिक घालू का? पुढच्या आठवड्यात आम्हाला आठ दिवस बाहेरगावी जायचं आहे, ते रद्द करू का? मुलगा तर त्या दिवसापासून टँकजवळ फिरकत नाही.

उत्तर :

प्रिय ताई,

आधी तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, मग कारणं. डोकं कापू नका. अँटिबायोटिक घालू नका. आणि प्रवास रद्द करू नका.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून नीट पाहिले. फाटलेल्या डोक्याचं मांस जिथे संपतं आणि सांगाडा सुरू होतो, ती कड गोलसर आहे, किंचित फुगलेली आहे आणि तिचा रंग शाबूत आहे. पहिल्या आणि सहाव्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवले तर ती कड मागे सरकलेली दिसत नाही. म्हणजे जखम आहे, पण ती पसरत नाही. हा फरक फार मोठा आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत.

तुम्ही सहा दिवस जे केलंत ते जिवाच्या आकांताने केलंत, हे पत्रातून कळतं. पण आता त्या कोरलला खरा ताण मॅग्नेटच्या माराचा राहिलेला नाही. रोज नवी जागा, रोज नवा उजेड, रोज औषधाच्या भांड्यात बुचकळणं आणि पाण्याच्या रसायनात अचानक उडी, हा ताण आहे. तो आजपासून थांबवता येईल, म्हणून मला या कोरलबद्दल आशा वाटते.

कोरलची जखम भरते कशी, ते आधी समजून घेऊ या. हॅमरचं मांस फुगलेलं असताना भरपूर वाटतं, पण ते बरंचसं पाण्याने फुगलेलं असतं. आत सांगाड्याच्या उभ्या, पातळ, धारदार पात्या असतात. वरून काही आदळलं की मांस चिरडतं ते त्या पात्यांवर. फाटल्यावर पहिल्या काही तासांत कडेचं मांस आक्रसतं आणि तिथे पेशी गोळा होऊन उघडा भाग तात्पुरता बंद करतात. पुढच्या काही दिवसांत त्याखाली नव्या पेशींचा पातळ पडदा धरतो. मग तो जाड होतो आणि अगदी शेवटी त्यात झूझँथेली, म्हणजे कोरलच्या शरीरात राहून प्रकाशावर अन्न बनवणारं सूक्ष्म शैवाल, वस्तीला येतं आणि रंग परततो. नवं मांस सुरुवातीला फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं ते यामुळेच. ते पाहून ब्लीचिंग झालं, म्हणजे शैवाल गमावून कोरल पांढरं पडलं, असं समजू नका.

नवं मांस फक्त जिवंत कडेपासून पुढे सरकतं. उघड्या सांगाड्याच्या मधोमध ते आपोआप उगवत नाही. म्हणून लहान जखम पुरती बुजते, तर मोठ्या जखमेचं काम काही अंतरावर अडतं. तुमच्या डोक्याचा साधारण एक तृतीयांश घेर उघडा पडलेला दिसतो आणि तोंड शाबूत आहे. तोंड आणि त्याभोवतीची चकती धड असेल तर हॅमरचं डोकं याहून वाईट अवस्थेतूनही सावरतं.

तर रोज एकच गोष्ट बघायची: ती कड. दिवे लागायच्या आधी कोरल आक्रसलेलं असतं, तेव्हा ती सगळ्यात स्पष्ट दिसते. रोज त्याच वेळी, त्याच कोनातून, काचेला फोन टेकवून फोटो काढा. सांगाड्यावरची एखादी खूण धरा, एखादी ठळक पाती किंवा कोरलाइन या कठीण शैवालाचा जांभळा ठिपका, आणि कड त्या खुणेपासून किती लांब आहे ते पाहा. कड गोल, भरीव आणि सांगाड्याला चिकटून असेल तर काम चालू आहे. कड पातळ झाली, तिच्या चिंध्या लोंबू लागल्या, किंवा रोज सकाळी नवा कोरा पांढरा पट्टा उघडा पडू लागला, तर मात्र प्रकरण वेगळं. नजरेवर विसंबू नका. काळजीत असलेल्या माणसाला रोज जखम वाढल्यासारखीच वाटते, फोटो तसं करत नाहीत.

आता आल्कलिनिटी. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून आल्कलिनिटी वाढवली की जखम लवकर भरेल, हा विचार अनेकांच्या मनात येतो. पण आत्ता भरायचं आहे ते मांस. मांस नसलेल्या जागी सांगाडा वाढतच नाही, कारण तो बांधणाऱ्या पेशी मांसाच्या सर्वांत आतल्या थरात असतात. ९.५ हा आकडा वाईट नाही, कित्येक टँक वर्षानुवर्षं त्यावर उत्तम चालतात. त्रास झाला तो एका दिवसात दोन अंशांच्या उडीचा. म्हणून ती आता घाईने खाली आणायलाही जाऊ नका, नाहीतर दुसरी उडी होईल. डोसिंग थांबवा, रोज एकाच वेळी टेस्ट करा, टँकच्या वापराने ती उतरू द्या. दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त उतरत असेल तर थोडा डोस देऊन वेग धरा. ८ ते ८.५ च्या आसपास आली की तिथेच धरून ठेवा. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएममध्ये असेल तर त्यांच्याकडे आत्ता बघायचीही गरज नाही.

मला जास्त खटकलं ते नायट्रेट-फॉस्फेटचं शून्य. पत्रात तुम्ही ते चांगल्या बातमीसारखं लिहिलं आहे. माशांच्या टँकमध्ये शून्य चांगलं मानतात, तीच सवय आपण रीफमध्ये आणतो. पण कोरलमधल्या झूझँथेलीला वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात. आणि आत्ता या प्राण्याला नव्या पेशी बनवायच्या आहेत, त्या उपाशीपोटी बनत नाहीत. त्यात आल्कलिनिटी चढी आणि पाणी पोषणाला कोरडं, ही जोडी तर कोरलला हमखास जाचते, असं रीफ ठेवणाऱ्या बहुतेक जुन्या मंडळींचं निरीक्षण आहे. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, एवढं असू द्या. फॉस्फेट शोषणारं मीडिया लावलं असेल तर काढा. माशांना रोजच्यापेक्षा थोडं जास्त खाऊ घाला. स्किमर (फेसातून मैला काढणारं यंत्र) जरा कोरडा, म्हणजे कमी फेस काढेल असा, चालवा. दोन आठवड्यांत आकडे हळूहळू वर येतील. बाटलीतलं नायट्रेट एकदम ओतून ते एका रात्रीत आणायचं नाही. पाणी गाळणारा कार्बन मात्र चालू ठेवा, विशेषतः टँकमध्ये लेदर किंवा इतर सॉफ्ट कोरल असतील तर, कारण ती पाण्यात जी रसायनं सोडतात ती जखमी शेजाऱ्याला भोवतात. आठवड्याला १० टक्के पाणी बदल पुरे.

जागा. आत्ता जिथे आहे तिथून कोरल हलवायचं की नाही, हे दोनच गोष्टींवर ठरवा. पहिली, पंपाचा थेट झोत त्यावर येतो का. हॅमरच्या टोकांनी, म्हणजे त्याच्या फुगलेल्या तंतूंनी, सावकाश झुलावं, एका बाजूला झोपून राहू नये. झोत थेट असेल तर सैल मांस सांगाड्याच्या पात्यांवर घासत राहतं आणि भरलेली कड पुन्हा फाटते. प्रवाह अगदीच मंद असेल तर जखमेवर गाळ बसतो आणि तिथे कुजणं सुरू होतं. गाळ बसतो का हे एका नजरेत कळतं: रबरी फुग्याच्या लांब पिचकारीने लांबूनच हलकी फुंकर द्या, सांगाड्यावरून धूर उठल्यासारखं काही उडालं तर प्रवाह कमी पडतो आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. हॅमर रात्री लांब दंशक तंतू सोडतं आणि त्याचे शेजारीही सोडतात. टॉर्च कोरल किंवा गॅलेक्सिया जवळ असेल तर किमान २० सेंटीमीटर अंतर हवं, गॅलेक्सियापासून त्याहूनही जास्त, कारण त्याचे तंतू फार लांब पोहोचतात. या दोन्ही बाबतींत सध्याची जागा बरी असेल तर ती आता कायमची. बरी नसेल तर एकदाच, शेवटचं हलवा, थोड्या खालच्या बाजूला, मध्यम उजेडात. पार, म्हणजे कोरलच्या उपयोगी पडणारा उजेड, मोजायचं यंत्र मिळालं तर ७० ते १०० च्या आसपास आकडा असावा. कोरल हलवणं टाळायचं असेल तर दिव्याचा जोर पंधरा-वीस टक्के कमी करून तेच साधता येतं.

डिप आजपासून बंद. मार लागल्यावर एकदा आयोडीनमध्ये बुडवणं योग्यच होतं, मीही तेच सुचवलं असतं. पण आयोडीन जंतू आणि कोरलच्या कोवळ्या पेशी यांत भेद करत नाही. रोज डिप देणं म्हणजे रोज खपली काढणं. शिवाय प्रत्येक वेळी कोरल बाहेर काढताना त्याच्या अंगावरचा चिकट स्राव धुऊन जातो आणि तो स्रावच त्याचं पहिलं संरक्षण असतो.

खाऊ घालणंही सध्या थांबवा. मायसिस परत बाहेर येतं याचा अर्थ स्पष्ट आहे, ते पचवण्याच्या अवस्थेत नाही. निरोगी हॅमरची ऊर्जेची बरीचशी गरज प्रकाशातून भागते, त्यामुळे दोन आठवडे न भरवल्याने ते मरणार नाही. उलट तोंडाशी कुजणारा मायसिसचा तुकडा जखमेला जास्त धोक्याचा. टँकमधला क्लीनर श्रिम्प किंवा हर्मिट खेकडा तो तुकडा तोंडातून ओढून काढतो तेव्हा आतलं मांस ओरबाडलं जातं, हे मी काचेला नाक लावून पाहिलं आहे. आधी श्रिम्प येऊन चकतीवर पाय रोवतो, मग चिमटा थेट तोंडात घालतो, आणि पॉलिपला, म्हणजे त्या डोक्याला, मिटायला वेळच मिळत नाही. धड असलेली तीन डोकी सलग चार-पाच दिवस पूर्ण उघडली की मग सुरुवात करा. तीही त्या तिघांपासून, आठवड्यातून एकदा. मायसिस बारीक चिरून, टँकच्या पाण्यात भिजवून, पंप बंद करून, पिचकारीने टोकांवर हलकेच सोडायचं. कोरलवर प्लॅस्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला, म्हणजे श्रिम्प लांब राहील. अर्ध्या तासात जे गिळलं नाही ते शोषून काढा. फाटलेल्या डोक्याला त्याची टोकं त्या बाजूनेही दिसू लागल्यावरच.

तो हिरवट थर पाहून तुम्ही घाबरलात, पण त्यात घाबरण्यासारखं नाही. उघडा सांगाडा म्हणजे मोकळी जागा, आणि टँकमध्ये मोकळ्या जागेवर आठवड्याभरात शैवाल धरतंच. ते मांस खात नाही. पातळ थर असेपर्यंत हात लावू नका. पुढे त्याचे केसांसारखे धागे झाले तर मात्र सरकणाऱ्या मांसाला ते अडथळा करतात. तेव्हा मऊ टूथब्रशने, कडेपासून चार-पाच मिलिमीटर दूर राहून घासा आणि शेजारी बारीक नळी धरून सुटलेला कचरा लगेच शोषून घ्या. लहान गोगलगायी हे काम छान करतात. मोठ्या टर्बो मात्र कोरलच ढकलून पाडतात. त्या जागी जांभळट कोरलाइन बसली तर उत्तमच, मांस तिच्यावरून पुढे जाऊ शकतं.

आता ज्या गोष्टीसाठी खरोखर धावपळ करावी लागते ती सांगते, कारण हॅमर आणि त्याच्या कुळातल्या कोरलवर ती जखमेनंतर येऊ शकते. ब्राउन जेली. डोक्यावर तपकिरी, चिकट, शेंबडासारखा गोळा दिसतो, प्रवाहात त्याच्या तारा हलतात आणि बाहेर काढल्यावर कुजका वास येतो. त्यात सूक्ष्म, केसाळ एकपेशीय जीव खच्चून भरलेले असतात. त्यांनी कोरलच्या मेलेल्या मांसाबरोबर झूझँथेलीही गिळलेली असते, तो तपकिरी रंग तिचा. ही जेली एका रात्रीत अख्खं डोकं फस्त करू शकते आणि एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते. दिसली की सगळे पंप लगेच बंद करा, म्हणजे ती टँकभर उडणार नाही. बारीक नळीने जेली बादलीत शोषून घ्या. मग कोरल टँकच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात उचला, तिथे उरलेली झटकून काढा आणि ते डोकं फांदीसकट कापून वेगळं करा. उरलेल्या भागाला आयोडीनचा डिप द्या, बाटलीवरच्या प्रमाणात आणि बाटलीवरच्याच वेळेपुरता. नंतर स्वच्छ समुद्री पाण्यात विसळून परत ठेवा. डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

तुमचं हॅमर फांद्यांचं आहे ही इथे मोठी जमेची बाजू. जुन्या वाढलेल्या फांद्यांमध्ये डोक्यांचं मांस एकमेकांना जोडलेलं नसतं, मध्ये नुसता सांगाडा असतो. म्हणून एक डोकं गेलं तरी बाकीची वाचवता येतात. सलग भिंतीसारख्या हॅमरमध्ये ही सोय नाही, तिथे एका टोकाला लागलेली कूज दुसऱ्या टोकापर्यंत जाते. कापायची वेळ आणखी एकाच प्रसंगी येईल: जेली नाही, पण फोटोंवरून कड सलग तीन-चार दिवस मागे सरकते आहे आणि पाणी तर स्थिर आहे. तेव्हा हाड कापायच्या कटरने, मांसाच्या बरंच खाली, फांदीच्या कोऱ्या सांगाड्यावर कापा. मांसातून पातं कधीही नेऊ नका. कापताना डोळ्यांना चष्मा हवा, सांगाड्याची कपची उडते. टँकमध्ये झोअँथिड, म्हणजे बटणांसारखी मऊ कोरल, असतील तर हातमोजेही घाला, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं आणि ते जखमेतून किंवा डोळ्यातून अंगात जाऊ शकतं.

अँटिबायोटिकला मी नाही म्हणते ते दोन कारणांनी. पसरणारा संसर्ग आहे असं तुमच्या फोटोंत काहीच दिसत नाही. आणि टँकमध्ये टाकलेलं औषध जखमेपुरतं राहत नाही. खडकांत आणि वाळूत राहून अमोनिया पचवणारे जिवाणू तुमचा सगळा टँक जगवत असतात, त्यांनाही त्याचा फटका बसू शकतो. फ्लोरिडाच्या रीफवर २०१४ पासून पसरलेल्या मांस गळण्याच्या रोगावर तिथल्या अभ्यासकांनी अमॉक्सिसिलिन वापरलं आहे, पण तेही समुद्रात ओतून नाही. लेपात कालवून, थेट रोगाच्या कडेवर लावून.

वाळूत पडलेलं तुटकं डोकं! त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, जणू ते गेलंच. फोटोत ते मला चांगलं जिवंत दिसतं आणि आज करायचं सगळ्यात निकडीचं काम तेच आहे. वाळूत आडवं पडल्याने त्याचं मांस कणांवर घासतं आहे. उचलण्याआधी जवळ हाताने पाणी हलवून ते मिटू द्या. फुगलेलं डोकं पाण्याबाहेर काढलं तर स्वतःच्याच वजनाने फाटतं. मिटल्यावर फक्त सांगाड्याला धरून उचला. तुटलेलं टोक टिश्यू पेपरने टिपून कोरडं करा, त्यावर जेलसारखा सुपरग्लू घ्या, फ्रॅग प्लगवर (तुकडा चिकटवायची छोटी बैठक) किंवा लहान दगडावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि पाण्यात सोडा. एवढा वेळ हवेत राहिल्याने त्याला काही होत नाही. ते सरळ उभं राहिलं पाहिजे आणि जखमी कोरलसारख्याच मंद प्रवाहात. बहुधा हेच डोकं सगळ्यांच्या आधी पूर्ण उघडेल, कारण त्याचा फक्त सांगाडा तुटला आहे.

हे चिकटवायचं काम मुलाला करू द्या. त्याला टँकपासून लांब ठेवणारी गोष्ट अपराधीपणा आहे आणि तो समजूत घालून जाणार नाही, काहीतरी हाताने दुरुस्त केल्यावर जाईल. त्याला डेव्हिड वॉन यांच्याबद्दल सांगा. हे फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत कोरल वाढवण्यावर पूर्वी काम करणारे शास्त्रज्ञ. टँकच्या तळाला चिकटलेलं एक एल्कहॉर्न कोरल उचलताना त्यांच्या हातून ते तुटलं आणि काही पॉलिप तळाशीच राहून गेले. ते मेले असणार असं त्यांना वाटलं. नंतर पाहिलं तर ते पॉलिप जगले होतेच, शिवाय अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढून दुप्पट झाले होते. त्यातून त्यांनी मायक्रोफ्रॅगमेंटेशनची पद्धत बसवली: कोरलचे सेंटीमीटरभराचे तुकडे करायचे, जवळजवळ लावायचे, आणि एकाच वसाहतीचे असल्यामुळे वाढून ते एकमेकांत मिसळू द्यायचे. आज खराब झालेल्या रीफवर पुन्हा कोरल लावण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. एक खुलासा मात्र करते, म्हणजे कुणाच्या मनात कटर उचलायचं येणार नाही. जोमाने वाढणाऱ्या आणि खडकावर पसरणाऱ्या कोरलना हे लागू पडतं. हॅमरची चाल संथ असते, त्याला कापून वेग येत नाही. आणि रोजचा फोटो काढायचं कामही मुलालाच द्या. मॅग्नेट सुटू नये म्हणून तो काचेवरून सावकाश सरकवायचा, कोपऱ्यात वळवायचा नाही आणि काम झालं की आतला तुकडा बाहेर काढून ठेवायचा, एवढं एकदा दाखवलं की पुरे.

वेळेचा अंदाज द्यायचा तर, जागा आणि पाणी स्थिर राहिलं की आठवड्याभरात तीन चांगली डोकी पूर्ववत उघडायला हवीत. फाटलेल्या डोक्याची उघडी बाजू दोन-तीन आठवड्यांनी फिकट मांसाने झाकायला लागेल आणि त्या बाजूला आखूड, बिनरंगी टोकं दिसतील. पूर्ण भरायला काही महिने जातात आणि कधीकधी सांगाड्याचा थोडा भाग कायमचा उघडा राहतो. राहू दे. डोकं व्यवस्थित खात असेल, उघडत असेल, तर ते निरोगी आहे. आणि समजा ते डोकं गेलंच, तरी ती फांदी लगेच फेकू नका. मेल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीच्या बाजूला, जिथे मांसाचा एवढासा अंश टिकून असतो तिथे, महिन्या-दोन महिन्यांनी नवं बारीक डोकं फुटलेलं मी पाहिलं आहे.

राहता राहिला प्रवास. खुशाल जा. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी पाणी बदला, त्यानंतर सेटिंगमध्ये काहीही बदलू नका. बाष्पीभवनाने उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा नसेल तर तेवढी बसवून घ्या, कारण सॅलिनिटी चढत गेली तर जखमी कोरल सगळ्यात आधी माघार घेतं. ती बसवून किमान दोन दिवस स्वतःसमोर चालवून बघा, आणि तिच्या टाकीत गोडं आरओ पाणीच आहे ना हे जाण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. माशांचं खाणं रोजच्या पुड्या करून ठेवा, कोणी येऊन घालणार असेल तर त्याने फक्त पुडी रिकामी करायची आणि कोरलचा एक फोटो तुम्हाला पाठवायचा. फोटोत तपकिरी जेली दिसली तर पंप बंद करून जेली शोषून काढायची आणि ते कोरल टँकच्या पाण्याने भरलेल्या, हवेचा पंप आणि हीटर लावलेल्या बादलीत ठेवायचं, एवढं त्याला निघण्याआधी एकदा करून दाखवा. नळी, बादली, हवेचा पंप आणि जास्तीचा हीटर टँकच्या खाली एकत्र ठेवा. परत आल्यावर आधी सॅलिनिटी आणि तापमान तपासा, मग आल्कलिनिटी. आकडे जागेवर असतील आणि चार-पाच दिवस डोकी पूर्ण उघडत असतील, तर त्याच दिवशी धड डोक्यांना मायसिसचा पहिला घास द्यायला हरकत नाही.